धोटे सरांच्या किल्ल्या

धोटे सर येताहेत हे आधी कानांना कळायचं, मग डोळ्यांना. उजव्या हाताच्या बोटात किल्ल्यांचा जुडगा सतत फिरत असे. त्यात घराची किल्ली, कपाटाची, स्कूटरची, ऑफिसच्या ड्रॉवरची आणि दोन-तीन अशा, की ज्यांची कुलपं कधीच भंगारात गेली होती. त्या काढून टाका म्हटलं तर म्हणायचे, "वजन लागते गा बोटाले. हलकं झालं की फिरत नाही." बुटीबोरीच्या आमच्या कापड कारखान्यात ते प्लॅनिंग खात्याचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मी सक्करदऱ्याला कंपनीच्या बसमध्ये चढायचे, ते बेसाला. बस थांबायच्या आधीच खिडकीतून छुन्न छुन्न ऐकू यायचं आणि झोपलेली माणसं कपाळाला आठ्या घालून कूस बदलायची.

किल्ल्या थांबल्या तर पाय सुरू. त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे कुणीतरी चालवत असलेल्या शिलाई मशीनवर बसणं. मीटिंगमध्ये ते टेबलाभोवती फिरत बोलायचे. सिनेमा त्यांनी कधी पुरता पाहिला नव्हता, लग्नात पंगत बसायच्या आत जेवून मोकळे व्हायचे. इतका अस्वस्थ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि गंमत अशी की मी आयुष्यात जे काही थोडंफार नेमाने करायला शिकले, ते याच माणसाकडून.

त्यांचं काम टार्गेटं ठरवण्याचं. दर महिन्याच्या सुरुवातीला खात्याबाहेरच्या फळ्यावर ते महिन्याचं उत्पादन ठसठशीत अक्षरात लिहायचे आणि महिनाअखेर त्या आकड्यापायी सगळ्या कारखान्याची पळापळ व्हायची. फोन, आरडाओरडा, मशीनवाल्यांशी भांडणं. सर त्यात पुढे. पण आकडा लिहून झाला की मार्कर खिशात घालताना ते दरवेळी आम्हाला सांगायचे, "हे कंपनीचं झालं. घरी घेऊन जाऊ नका, घरी हे चालत नाही."

मी मात्र घरी तेच चालवत होते. प्रत्येक पाडव्याला माझा नवा संकल्प असे. एका वर्षी मी बसमध्ये जाहीर केलं, की पत्रव्यवहारानं एमबीए करणार आणि पुढच्या पाडव्याच्या आत पुरं करणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी टाळी वाजवली नाही. काही दिवसांनी त्यांनी हळूच विचारलं, "पुस्तकं आली काय वं?"

"आली ना सर."

"कुठं आहेत?"

"कपाटात."

"मग गेली ती. कपाटात ठेवलेली गोष्ट गेली समजायची. वाटेत ठेव."

"वाटेत म्हणजे?"

"जिथं तुह्या पायात येईन तिथं. तुले रोज कुठं उभं राहावं लागते?"

सकाळी गॅससमोर, मी म्हटलं. दूध तापेपर्यंत. "मग पुस्तक गॅसच्या बाजूले. एक पान वाच. पास व्हायचं ठरवू नको, पुस्तक उघडायचं ठरव." मला ते पटलं नाही. माझं एवढं मोठं स्वप्न आणि हे त्याला दुधाच्या पातेल्याशेजारी बसवताहेत, असं वाटून मी चिडले. तरी पुस्तक तिथे ठेवलं. दूध पुष्कळदा उतू गेलं, पुस्तकाला हळदीचे डाग पडले, आणि पाडवा उलटून गेल्यावर बऱ्याच काळानं का होईना, मी ती परीक्षा पास झाले.

"वाटेत ठेव" हा त्यांचा मंत्रच होता, पण तो त्यांना सहज मिळालेला नव्हता. त्यांच्या चाळिशीपर्यंतच्या करामती सुनंदाकाकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून, ऐकाव्यात. "ह्यांनी जर्मन शिकाचं ठरवलं, तं साऱ्या गल्लीत पेढे वाटले. पेढे संपले, जर्मन काही आली नाही." मग पेटी घेतली. येत्या गणपतीत कॉलनीच्या मंडळासमोर वाजवणार, असं सांगून टाकलं. मंडळानं फळ्यावर नाव लिहिलं. गणपती आले आणि धोटे सर बहिणीची तब्येत बरी नाही म्हणून उमरेडला पळाले. बहीण ठणठणीत होती. तिनंच फोन करून काकूंना विचारलं, "भाऊ अचानक काहून आला वं? घरी काही झालं काय?"

तिथून परत आल्यावर सरांनी पेटी खोक्यातून काढली आणि झोपायच्या खोलीतून बाथरूमला जायच्या वाटेवर, बरोबर मधोमध ठेवली. रोज उठल्यावर ती बाजूला करण्यासाठी वाकावंच लागे. वाकलेला माणूस बसतो, बसलेला माणूस भाता ओढतो. तेव्हापासून ते रोज वाजवू लागले. वाईटच वाजवायचे, अगदी शेवटपर्यंत. मी एकदा विचारलं, "सर, चांगलं कधी वाजणार?" तर म्हणाले, "ते मले काय माहीत? रोज बसतो, एवढं माहीत आहे. पहिले मी रोज फक्त ठरवत होतो."

हे यशस्वी झालं आणि मग घराचं काही खरं राहिलं नाही. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. बेसाचं त्यांचं घर बैठं, पुढे छोटं अंगण, लोखंडी फाटक. दारातून आत पाऊल टाकलं आणि माझी नडगी एका स्टुलावर आपटली. स्टुलावर पाण्याचा जग होता, बाहेरून आल्यावर पाणी प्यायची सवय लागावी म्हणून. फ्रीजच्या दाराला डंबेल टेकवलेलं. ते उचलल्याशिवाय फ्रीज उघडत नसे. टीव्हीच्या रिमोटला उड्या मारायची दोरी गुंडाळलेली. चालायचे बूट उशीवर. जर्मनचं पुस्तक देवघरात काडेपेटीवर. "देवाले आतापर्यंत थोडीशी आली असंन," काकू म्हणाल्या.

काकू ठेंगण्या, गोऱ्या, तोंडाच्या फटकळ आणि हसऱ्या. त्या वडाभाताची परात घेऊन आल्या आणि येताना त्यांचं कोपर दाराच्या चौकटीला लागलं. मग त्या स्टुलाला धडकल्या. मग सांडग्यांची वाटी ठेवायला गेल्या ती टेबलाच्या कडेबाहेर, मी झेलली. सर ओरडले, "संभाल ना वं!" काकू म्हणाल्या, "ह्या घरात सांभाळून चालाले दोन डोळे पुरत नाहीत." आम्ही सगळे पोट धरून हसलो. माझी नडगी हुळहुळत होती, सरांच्या अंगठ्याला पट्टी होती. त्या घरात सगळेच धडकत.

दिवाळीच्या साफसफाईत काकू पेटीला अडखळून पडल्या. पेटी नेहमीच्या जागीच होती. वर्षानुवर्षं होती तिथेच, इंचभरही इकडेतिकडे नाही. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, आणि पाण्याचा पेला बाजूनं पुढे केला तर बाईंना तो दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचबिंदू निघाला, खूप पुढे गेलेला. कडेची नजर आधी जाते, मग मधली आकसत जाते, आणि गेलेली काही परत येत नाही, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "इतके दिवस कळलं कसं नाही? असे पेशंट चालताना धडकतात. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

सर मला हे बसमध्ये सांगत होते. "मी काय सांगू त्याले? मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरी सगळेच धडकतात." किल्ल्या खिशात होत्या. पाय हलत नव्हता. बुटीबोरी येईपर्यंत तो पाय एकदाही हलला नाही आणि मला अतिशय भीती वाटली.

दुसऱ्या कुठल्याही घरात बाई चौकटीला धडकायला लागली असती तर कुणीतरी म्हटलं असतं, काय झालं गं, दाखवून ये. या एका घरात ते हसण्यावारी गेलं. ज्या सवयींनी या माणसाला उभं केलं, त्यांच्याच आड त्याच्या बायकोची नजर हळूहळू निघून गेली. मी त्यांना धीर द्यायला काहीतरी बोलले. त्यांनी ऐकलं नाही ते बरं झालं.

पुढचे काही आठवडे ते जुने धोटे झाले. मोठमोठ्या शहरांतल्या दवाखान्यांना फोन, "येत्या उन्हाळ्यापर्यंत तिले दिसलंच पाहिजे" अशा घोषणा, रजा टाकून धावाधाव. सगळीकडून एकच उत्तर आलं, की उरलेलं जपा. पुण्याहून मुलगा प्रशांत आला. तो शहाणा, काळजीवाहू मुलगा. म्हणाला, "बाबा, आता आईनं दिवसभर इकडे एकटं राहणं शक्य नाही. आईला पुण्याला नेतो. तिथं बाई ठेवू, आईनं फक्त बसून राहायचं." काकू आतून म्हणाल्या, "तिथं मी खुर्चीत बसून मरीन. इथलं मले डोळ्यानं नसंन दिसत, पण पायाले माहीत आहे." तेवढ्यावर विषय थांबला, पण मिटला नाही. प्रशांतचा दर रविवारी फोन येई आणि काकूंना इथे राहता येईल की नाही, हा प्रश्न त्या घरात कायमचा येऊन बसला.

मी पुन्हा गेले तेव्हा दारात नेहमीसारखी नडगी वाचवत पाऊल टाकलं, तर घर मोकळं. स्टूल भिंतीला. डंबेल नाही, दोरी नाही. पेटी माळ्यावर गेली होती. मला ती मोकळी वाट बघून रडूच आलं. सर म्हणाले, "रडतेस काहून? आता वाटेत काहीच ठेवाचं नाही, एवढंच. पहिले रोज ठेवत होतो, आता रोज उचलतो."

बोलणं सोपं होतं. जागेवर काही ठेवणं हे त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. खुर्चीवरून उठले की खुर्ची तिरकी, अंघोळ झाली की बादली दारात, चप्पल एक इथे एक तिथे. काकूंच्या गुडघ्यांना निळे-काळे डाग. शेवटी काकूंनीच कायदा केला. पायाला जे लागेल ते फाटकाबाहेर फेकायचं, कुणाचं का असेना. पहिल्या दिवशी सरांची चप्पल गेली. मग वर्तमानपत्र, चष्म्याचं घर, ओला टॉवेल. एकदा मोबाइल चार्जरसकट गेला, तो शेजाऱ्यांनी नालीतून काढून दिला. सर बसमध्ये सांगायचे, "काल पुन्हा माह्या बनियनले बाहेर काढलं बावा तिनं," आणि त्या तक्रारीत एक अभिमान असे. हळूहळू बाहेर पडणाऱ्या वस्तू कमी झाल्या. कधी थांबल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग काकूंनी म्हटलं, दूध मी आणणार. गल्लीच्या टोकाला डेअरी होती. तिथे पूर्वी रोज संध्याकाळी त्या बायकांशी गप्पा मारायच्या, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त हवं होतं. दूध निमित्त. आता नजरेत फक्त एक धूसर ठिपका उरला होता, तोही दिवसाउजेडी. सरांनी ना हो म्हटलं ना नाही. पहिल्या दिवशी दोघं फाटकापर्यंत गेले आणि परतले. नंतर बरेच दिवस कडुनिंबापर्यंत. मग विजेच्या गुणगुणणाऱ्या डीपीपर्यंत. मग पिठाच्या चक्कीपर्यंत. वेळ तीच, रस्त्याची बाजू तीच, काठी त्याच हातात. ते तिचा हात धरत नसत. पुढे दोन पावलं किल्ल्या वाजवत चालायचे आणि काकू आवाजामागे.

"हात काहून नाही धरत सर?" मी विचारलं.

"हात धरला तं रस्ता माह्या हाताले समजते, तिच्या पायाले नाही."

काकू म्हणाल्या, "तीस वर्सं ह्या किल्ल्यांनी डोकं उठवलं माहं. किती वेळा म्हटलं, विहिरीत टाका. आता वाजल्या नाही तं जीव घाबरते."

प्रशांत फोनवर विचारायचा, "बाबा, पण कधीपर्यंत जमेल तिला एकटीला? काही अंदाज?" सर म्हणायचे, "कधीपर्यंत ते नको विचारू. आज चक्कीपर्यंत गेली." प्रशांत वैतागायचा. मला प्रशांतची बाजू कळायची, कारण मीही वैतागायचे. आपल्याला तारीख हवी असते.

निवृत्तीच्या आधी थोडे दिवस सरांच्या छातीत दुखलं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन नळ्या बसवाव्या लागल्या. कामावर परतले तेव्हा खांदे उतरले होते, पाय मात्र दुप्पट वेगानं हलत होता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ते खात्याबाहेरच्या फळ्यासमोर येरझाऱ्या घालत राहिले. मी पाठोपाठ गेले.

"वैशाली, माही एक मोठी चूक झाली वं," ते म्हणाले. "सुनंदा रस्त्यानं नाही येत. ती किल्ल्यांनी येते. पेटी काढली वाटेतून आणि मीच जाऊन वाटेत उभा राहिलो. उद्या मी नसलो, तं प्रशांत तिले घेऊन जाईन आणि खुर्चीत बसवीन. त्याची चूक नाही त्यात. तो दुसरं काय करन?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "मग किल्ल्यांशिवाय यायला किती दिवस लागतील सर?"

ते इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. "तू अजून टार्गेटच विचारून राहिली," म्हणाले आणि डबा उघडायला गेले.

ते निवृत्त झाले. बसमध्ये शांतता झाली आणि त्या शांततेत कुणालाच झोप लागेना. त्यानंतरच्या थंडीत, एका सकाळी, चहा होता होता ते गेले. प्रशांत आला, दिवसकार्य झालं, आणि त्यानं आईची बॅग भरायला घेतली. काकूंनी ती बॅग वाटेत लागली म्हणून फाटकाबाहेर फेकली. मग त्या डेअरीवर गेल्या आणि प्रशांतसाठी दूध घेऊन आल्या. तो फाटकात उभा राहून बघत होता. परतीच्या गाडीत एकटाच बसला.

पण मला धोटे सर आठवतात ते, ते जायच्या आधीच्या संक्रांतीला पाहिलेले. मी तिळगूळ घेऊन संध्याकाळी बेसाला गेले होते. ऊन उतरलं होतं. सर फाटकापासून थोडं अलीकडे, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभे. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताची मूठ गच्च आवळलेली, आणि तिच्यातून किल्लीचं एक टोक बाहेर आलं होतं. मी जिथे होते तिथेच थांबले.

गल्लीच्या टोकाकडून काकू येत होत्या. एका हातात दुधाची कॅन, दुसऱ्यात काठी. चक्की बंद होती त्या दिवशी, तिथे त्या थबकल्या. त्यांनी मान कलती करून ऐकलं. ज्या आवाजामागे त्या इतके महिने चालल्या तो आवाज नव्हता. सरांचा चेहरा मला बघवेना. एक शब्द पुरला असता, बोट नुसतं हललं असतं तरी पुरलं असतं. हा माणूस, जो पंगतीत बसू शकत नव्हता, श्वाससुद्धा दाबून उभा होता. काकूंनी काठीनं रस्त्याची कड चाचपली, डीपीचा गुणगुणाट डाव्या कानावर घेतला आणि निघाल्या. कडुनिंब आला. वाळकी पानं पायाखाली वाजली तशा त्या वळल्या, आमच्या दोघांसमोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून गेल्या, आणि फाटकाची कडी त्यांच्या हाताला पहिल्याच खेपेला लागली.

कडी काढून त्या थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "या आता आत. पाय दुखले असतीन."

सर दचकले. "तुले कसं समजलं वं मी इथं आहो?"

"किल्ल्या धरून ठेवल्या, पण पाय कुठं गप बसते तुमचा? चप्पल वाजून राहिली तुमची."

सरांचा चेहरा पडला. "म्हणजे तू माह्याच आवाजानं आली."

"नाही जी," काकू म्हणाल्या. "फाटकाशी आल्यावर आली ऐकू. तुम्ही नसते तरी आली असती मी."

सरांनी मान हलवली, तिला दिसत नाही हे विसरून. काकू आत गेल्या, स्वयंपाकघरात पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग सरांनी मूठ उघडली. किल्ल्यांचे दात तळहातावर खोल उमटले होते, एके ठिकाणी रक्त आलं होतं, आणि ते त्या हाताकडे बघत, अजिबात न हलता, कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.